तुम्हाला कुणी काही दिलंय का?

हिरवंगार नऊवारी लुगडं डब्यात गेलं आणि बाहेर आला तो राखाडी बोळा.

हर्षदाताई ओरडल्याच. "अगं, काय केलंस हे? मेलं की ते!"

"मेलं नाही गं आई, झोपलंय." सानिकाने तो बोळा पुन्हा आत ढकलला आणि झाकण लावलं. डबा केवढा, तर पोळ्यांचा असतो तेवढा. सांगलीच्या त्या स्वयंपाकघरात, मळलेल्या कणकेशेजारी, तो तसा शोभतही होता. आतून थोडा वेळ भुंगा फिरल्यासारखा आवाज आला आणि डब्याच्या फटीतून कापड बाहेर सरकायला लागलं. जांभळं. नऊवारीच. काठ, पदर, सगळं जागच्या जागी.

हर्षदाताईंचा हात आपोआप छातीवर गेला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी देवाच्या चमत्कारांवर शेकडो कीर्तनं केली होती, पण आपल्या ओट्यावर, पोळपाटाला खेटून, एक घडलेला पाहायची ही पहिलीच वेळ.

"आता कळलं?" सानिका म्हणाली. "आठ महिने. सात देश. आणि खांद्याला एकच बॅग."

बॅगेचा प्रश्न साधा नव्हता. ह.भ.प. हर्षदाताई निजसुरे यांना परदेशातली बोलावणी दरवर्षी यायची आणि दरवर्षी त्या दोन मोठ्या बॅगा ओढत जायच्या. बाईमाणसाच्या बॅगेत कपडे कमी आणि 'लागलं तर' जास्त असतं. थंडी वाजली तर शाल, डाग पडला तर दुसरं लुगडं, कुणी जेवायला बोलावलं तर जरा बरी साडी, कुणाकडे साखरपुडा निघाला तर त्याहून बरी. मागच्या वर्षी एका विमानतळावर असलीच एक बॅग पट्ट्यावरून उचलताना त्यांच्या कमरेत जी उसण भरली, ती मणक्यापर्यंत गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, कीर्तन हवं असेल तर ओझं सोडा. उभं राहणं आणि उचलणं, दोन्ही आता जमायचं नाही."

लेक वस्त्ररसायनात शिकलेली. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत तिच्या गटाने हे सूत शोधलं होतं आणि त्याला 'वळसूत' असं अस्सल मराठी नाव तिनेच दिलं होतं. त्यामागची युक्ती तिने आईला चकलीचं पीठ दाखवून समजावली. रेशमात असतात तसल्याच प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या, आणि प्रत्येक साखळीला बारीक कड्या. उष्णता दिली की कड्या एकमेकींत अडकतात आणि धागा पक्का होतो. मग धुवा, वाळवा, त्यावर बसा, काही होत नाही. मोडायचा असेल तेव्हा डब्यात एक वाफ सोडायची. ती वाफ कड्यांच्या मधे शिरते, त्यांना अलगद सोडवते, की पुन्हा पीठ. त्याच पिठाची सोऱ्यातून शेवही निघते आणि चकलीही, तसं डब्यातल्या त्याच सुतातून लुगडं निघतं, झोपायचा गाऊन निघतो, शालही निघते.

"कसली वाफ?"

"झाडाच्या तेलातून काढलेली आहे. अगदी निरुपद्रवी. आणि डब्याबाहेर येत नाही."

हर्षदाताईंनी झाकण उघडून नाक जवळ नेलं. "आपल्या देवघरासारखा वास येतोय गं."

"तुला बाजारातही देवघराचाच वास येतो," सानिका हसली. त्याही हसल्या. विषय तिथेच संपला.

दौऱ्याला सानिका सोबत निघाली, तीही वळसुताच्याच कुडत्यात. पेटीवर साथ तीच करायची. शिवाय प्रयोगशाळेचंही काम होतं. आठ महिने एक बाई फक्त वळसुतावर राहिली, रोज हजारभर लोकांपुढे उभी राहिली आणि कुठे एक दोरा उसवला नाही, तर सानिकाच्या गटाला पुढचं अनुदान मिळणार होतं. म्हणजे आईच्या अंगावर लेकीची परीक्षा होती.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो नेहमीचा प्रश्न विचारला. "बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? बरोबर न्यायला कुणी काही दिलंय का?"

एरवी या प्रश्नाला हर्षदाताई चाचरायच्या. कुणाच्या भाच्यासाठी मेतकूट, कुणाच्या सुनेसाठी कुंकवाचा करंडा, असं काही ना काही असायचंच. या खेपेला त्यांनी मान ताठ केली. "मीच भरली. आणि कुणीही, काहीही दिलेलं नाही."

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! विमानात चढताना त्यांना वाटलं, अपरिग्रहावर आपण आजवर नुसतं बोललो, आज जगलो.

*

पण एक अडचण मुंबईतल्या काउंटरवर दिसली नव्हती. ती सिंगापुरात दिसली.

कीर्तन संपलं, आरती झाली आणि बायका ओटी भरायला पुढे आल्या. कीर्तनकार बाई असली की खण-नारळाने तिची ओटी भरतात. ती देवाच्या गादीवर उभी असते, म्हणून त्या दिवशी ती घरची लेकही असते आणि देवीही. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात खण, नारळ, मूठभर तांदूळ. हर्षदाताईंनी सानिकाकडे पाहिलं. सानिकाने बॅगेकडे. तेवढ्याशा बॅगेत डबा, टाळ, पोथी आणि औषधं बसली की बोट शिरायलाही जागा उरत नव्हती. आणि एकदा सुरुवात झाली, तर सात देशांतले खण मिळून मागच्या वर्षीच्या दोन बॅगा होणार, हे काही सांगायला नको.

"माफ करा हं," हर्षदाताईंनी हात जोडले. "मी या दौऱ्यात काही घेत नाहीये. आशीर्वाद द्या, तो मावतो."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "बाई किती विरक्त आहेत!" ते वाक्य हर्षदाताईंना गोड लागलं. इतकं गोड, की पुढच्या कीर्तनात त्यांनी ती बॅगच गादीशेजारी मांडून घेतली आणि पूर्वरंगाला विषय लावला 'हलकं होणं'. "देवाच्या दारात सामान तपासतात बरं का मंडळी! तिथे ट्रॉली मिळत नाही!" टाळ्या पडल्या. ती छोटीशी बॅग कीर्तनाहून प्रसिद्ध झाली. लोक तिच्यासोबत फोटो काढायला लागले.

असं करत दौरा पर्थला पोचला.

पर्थला उतरायची सोय उल्काकाकू रेग्यांकडे होती. काकू पंचाहत्तरीच्या, बोलायला तिखट, पण घर असं की दारातच ताकाचा पेला पुढे येतो. कीर्तनाच्या दिवशी सकाळी त्यांनी हर्षदाताईंपुढे एक ताट ठेवलं. त्यात मोरपंखी सुती नऊवारी होती. जाडसर, खास विणून घेतलेली.

"माझं लहानपण वाईचं," काकू म्हणाल्या. "तुमच्या आईंचं कीर्तन मी तिथे ऐकलंय. माझ्या आईने तेव्हा त्यांना लुगडं नेसवलं होतं आणि त्यांनी ते तिथेच नेसून उत्तररंग केला होता. मी सहा वर्षांची होते, पण अजून डोळ्यापुढे आहे. तुम्ही येणार कळलं, तेव्हापासून हे करून ठेवलंय. आज हे नेसूनच उभ्या राहा."

हर्षदाताईंनी हात पुढेही केला. तेवढ्यात सानिका शेजारून हळूच म्हणाली, "आई, जवळजवळ किलोभर वजन आहे. आणि प्रयोगाच्या अटीप्रमाणे दुसरं कापड अंगावर चालत नाही."

पुढे आलेला हात मागे गेला.

"काकू, मनाने घेतलं हं. पण माझ्या या व्रताला…"

"व्रत?" काकूंनी ताट उचललं. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला, अंगणातली रांगोळी कुणी पाणी मारून धुवावी तसा. "माझ्या आईने दिलेलं तुमच्या आईंनी घेतलं, तेव्हा त्यांचं काही मोडलं नव्हतं हो. असू दे. पोहे गार होतायत."

त्या ताट घेऊन आत गेल्या. पण दुपारी हॉलकडे निघताना त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी गाडीत मांडीवरून खाली ठेवली नाही.

*

हॉल एका शाळेचा होता. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून दारंखिडक्या गच्च लावलेल्या. मंडळाचे चिटणीस प्रसन्न वर्तक हर्षदाताईंना व्यासपीठ दाखवत होते.

"ताई, इथे ज्योत लावायची नाही, बरं का. तीन वर्षांपूर्वी आरतीच्या धुराने भोंगा वाजला आणि अग्निशमनवाले शिरस्त्राणं घालून आत घुसले. बिचारे मग प्रसाद घेऊन गेले, पण दंड ठोकून गेले! तेव्हापासून मी एक शक्कल काढलीये." त्यांनी अभिमानाने एक पितळी तबकडी दाखवली. विजेवर तापणारी. "यावर कापूर ठेवायचा. पेटवायचा नाही, नुसता दरवळू द्यायचा. ज्योत नाही, धूर नाही, पण सगळा हॉल कसा देवळासारखा! आज तुम्ही आहात म्हणून चांगला डबाभर आणलाय."

"छान केलंत हो," हर्षदाताई मनापासून म्हणाल्या.

सानिका तिथेच पेटीचा भाता उघडत होती. तिने ऐकलं, मान डोलावली आणि सूर लावला.

पूर्वरंग झकास झाला. बॅग दाखवली, हशा पिकला. मग मध्यंतर. प्रसन्नरावांनी बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि ती तापलेली तबकडी, वर कापराचा हा ढीग, हर्षदाताईंच्या पायांशी आणून ठेवली. वास दरवळला. हर्षदाताईंनी डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला आणि उत्तररंगाला हात घातला.

आख्यान नावाड्याचं होतं. भर नदीत नाव बुडायला लागते. नावाडी ओरडतो, ओझी टाका! सावकार पेटी टाकतो, शिपाई ढाल टाकतो. एक म्हातारी तेवढी आपलं बोचकं सोडत नाही. सगळे तिच्यावर तुटून पडतात. "काय आहे गं म्हातारे त्यात?" "चिंध्या आहेत, लेकरांनो." हर्षदाताई या ठिकाणी नेहमी म्हातारीची नक्कल करायच्या आणि लोक पोट धरून हसायचे. शेवटी एक साधू ते बोचकं हिसकून नदीत फेकतो आणि नाव तरते, असा आख्यानाचा शेवट होता.

नक्कल करायला त्या वाकल्या आणि त्यांना कमरेपाशी काहीतरी सैल लागलं.

ओचा सुटला की काय? गाता गाता त्यांनी हाताने चाचपलं. बोटांना कापड लागलंच नाही. लागलं ते मऊ, ओलसर, भिजल्या कापसासारखं काहीतरी, आणि ते बोटांबरोबर निघून आलं.

त्यांनी खाली पाहिलं. तबकडीकडच्या बाजूच्या निऱ्या घोट्यापासून वर राखाडी होत चालल्या होत्या. जांभळा रंग पाणी उतरावं तसा ओसरत होता आणि त्याच्या मागे राखाडी बोळे जमिनीवर पडत होते. आवाज न करता. एक. आणखी एक. दंडावरची चोळीची शिवण उसवली आणि खांद्यावरून काहीतरी घरंगळलं.

क्षणभर त्यांना काही म्हणजे काहीच कळलं नाही. समोर चारशे माणसं. झगझगीत दिवे. गळ्यात झेंडूचा हार. आणि आपण उघड्या पडतो आहोत. एवढा एक विचार डोक्यात ठणकला आणि मग विचारही थांबले. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

मागे पेटी थांबली. सानिकाला आईची पाठ दिसत होती, आणि मग तिला स्वतःच्या कुडत्याची बाही दिसली. मनगटापाशी राखाडी. ती बाहीकडे पाहत राहिली, तबकडीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून एकच शब्द फुटला, "कापूर!"

पळायला जागा होती. चार पावलांवर पडदा होता. पण कीर्तनाला एकदा उभं राहिलं की आरती झाल्याशिवाय गादी सोडायची नाही, हे हर्षदाताईंनी आईच्या हाताखाली शिकताना रक्तात मुरवलं होतं. त्यांची आई एकदा अंगात ताप असताना गादीवर चक्कर येऊन बसली होती, तिने बसून कीर्तन पुरं केलं होतं, उतरली नव्हती. हर्षदाताईंचे पाय हललेच नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी तो विरघळता पदर छातीशी कवटाळला, डोळे गच्च मिटले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो गाण्याचा नव्हता. बुडणाऱ्या माणसाचा होता.

"विठ्ठल!"

आणि समोरून, तिसऱ्या रांगेतून, उल्काकाकूंचा तिखट आवाज आला. "बघता काय मेल्यांनो! पाठी फिरवा! आणि गजर सोडायचा नाही!"

कीर्तनाकडे पाठ करून बसू नये, असा दंडक. त्या हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाला तो लहानपणी कुणीतरी चिमटा काढून शिकवला असेल. पण खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला आणि सगळे पुरुष, म्हातारे, तरुण, कडेवर पोरं घेतलेले बाप, मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तबलजी तबल्यासकट गर्रकन फिरला. प्रसन्नरावांनी एका हाताने तबकडीची वायर उपटली, दुसरा हात डोळ्यांवर ठेवला आणि ते तबकडी घेऊन आंधळ्यासारखे धडपडत दाराकडे गेले. भिंतीकडे तोंड करून ती सगळी माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर "विठ्ठल विठ्ठल" गर्जत होती. तो आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, म्हणून पाठमोरा असूनही अंगावर समोरून आल्यासारखा यायचा.

बायका व्यासपीठावर धावल्या. पदर पसरून त्यांनी कडं केलं, एक आईभोवती, एक लेकीभोवती. कुणीतरी आपली ओढणी सानिकाच्या अंगावर टाकली. हर्षदाताईंभोवतीच्या कड्यात उल्काकाकू शिरल्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी उलटी केली आणि ते मोरपंखी लुगडं एका झटक्यात उलगडलं.

"हात वर करा. डोळे उघडा आधी! मी आहे."

"काकू…"

"बोलायचं नाही. गा."

हर्षदाताई गायला लागल्या. आवाज कापत होता, सूर जागेवर नव्हता. काकूंनी कमरेला पहिला वेढा देऊन गाठ मारली, तेव्हा ते जाड, खरखरीत, खरंखुरं सूत कातड्याला लागलं आणि हर्षदाताईंना रडूच कोसळलं. त्या रडत होत्या आणि गात होत्या. चोळी कशाची? एकीने पर्समधून खण काढला, दुसरीने दुसरा. "अगं, तू पण?" "तू पण?" काकूंनीच त्या सकाळी सगळ्यांना फोन केले होते, बाई नको म्हणते, तरी आणा, देवापुढे ठेवू. प्रत्येकीच्या पर्समध्ये लपवलेला एक खण होता. दोन खण पुढून-मागून घेऊन खांद्यावर गाठी मारल्या, साडीच्या पिना लावल्या. काष्टा घातला, पदर कमरेला खोचला.

"झालं," काकू म्हणाल्या. "फिरा रे आता इकडे."

सगळे वळले. हर्षदाताई तिथेच उभ्या होत्या. पाऊलभरही सरकल्या नव्हत्या. पायांभोवती राखाडी बोळ्यांचं वर्तुळ. त्यांनी सानिकाकडे पाहिलं. ओढणीत गुरफटलेल्या सानिकाचा चेहरा पांढराफटक होता. आईने मानेनेच खूण केली, सूर दे. पेटी वाजली.

"मंडळी," हर्षदाताई म्हणाल्या, "नाव अजून मधेच आहे."

कुणाला हसावं की रडावं कळेना.

"साधू पुढे झाला. म्हातारीचं बोचकं हिसकायला त्याने हात घातला. मी आजवर तुम्हाला सांगत आले, त्याने ते नदीत फेकलं आणि नाव तरली. खोटं सांगत आले. नाव ओझ्याने बुडत नव्हतीच हो. तळाला भोक पडलं होतं! सावकाराच्या पेटीने ते बुजेना, शिपायाच्या ढालीने बुजेना. म्हातारीने बोचकं सोडलं, एकेक चिंधी काढली, कुणी कुणी मायेने दिलेली, आणि भोकात दाबून बसवली. आणि तो साधू, ज्याच्याजवळ काही म्हणजे काही नव्हतं, तो त्या चिंध्यांवर पाय रोवून पैलतीरी गेला." त्या थांबल्या. "मला कुणाचं काही नको, असं म्हणणारा माणूस हलका नसतो. त्याचा 'मी' फार जड असतो. मी तो आठ महिने उचलायला निघाले होते. आज तुम्ही उतरवून घेतलात."

*

आरतीनंतर सानिका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडली. समोर पिशवीभर राखाडी बोळे.

"हळद तपासली, आई. घाम, समुद्राचं पाणी, फोडणीचं तेल. कुत्र्याची लाळसुद्धा! डब्यातली वाफ कापराच्या जातीची आहे, हे मला माहीत होतं. पण थोडीशी वाफ उघड्यावर विरून जाते, म्हणून बाहेर धोका नाही असं धरून चाललो. बंद खोलीत डबाभर कापूर कोण कशाला तापवेल? पेटला असता तर जळून तरी गेला असता. प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यात आलं नाही." तिने ओठ चावला. "इतरांचं सोड. मी तर कापराच्या आरतीत वाढले."

"मी म्हटलं होतं, देवघराचा वास येतोय."

"मी हसले."

"मीही हसले की. रोज कापूर लावणारी बाई मी. नाकाने ओळखलं, डोक्याने सोडून दिलं." हर्षदाताई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. सुती लुगडं गुडघ्यावर कडक उभं राहिलं. "बंगळुरूला कळवलंस?"

"कळवायला हवं. म्हणजे अनुदान गेलं." सानिका बोळ्यांकडे पाहत होती. "हे मी फेकून देणारे."

"फेकायचं कशाला? मणका दुखणाऱ्या बायका जगात मी एकटी नाही. कापराला भिणारं सूत आहे, त्याला कापराची सवय लाव. नाहीतर दुसरी वाफ शोध. पण आधी सगळ्यांना सांग काय झालं ते. जसं झालं तसं. माझं नाव घालून."

"तुझं नाव? आई, लोक हसतील."

"चारशे माणसांनी पाठ फिरवली गं. हसलं कोण?"

सानिकाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मग ती जी रडली ती बराच वेळ थांबली नाही.

संध्याकाळी उल्काकाकूंच्या घरी हर्षदाताई न सांगता पाटावर बसल्या आणि त्यांनी पदर पसरला. "भरा ओटी. सकाळची राहिलीये."

काकूंनी कुंकू लावलं. जीभ मात्र तिखटच होती. "आता मावेल का बॅगेत?"

"डबा सानिका बंगळुरूला परत घेऊन जाईल. त्याच्या जागी मावेल."

"आणि नेसाल काय उरलेले महिने?"

"हे एक अंगावर. दुसरं कुणी देईल तेव्हा हे धुऊन वाळत घालीन. चोळ्या वाटेत शिवून घेईन. खण भरपूर आहेत."

"दुसरं मीच देते."

"नाही हं काकू. ते ऑकलंडच्या बायकांसाठी राहू द्या. त्यांनाही काहीतरी द्यावंसं वाटेलच की." नारळ आणि तांदूळ न्यूझीलंडमध्ये नेता येत नाहीत, कस्टमवाले ठेवून घेतात, म्हणून त्या रात्री रेग्यांकडे नारळीभात झाला आणि कापूर ज्यांनी तापवला त्या प्रसन्नरावांना आग्रह करकरून वाढला. ते बिचारे मान वर करून जेवायलाच तयार नव्हते.

पर्थच्या विमानतळावर सानिका बंगळुरूच्या विमानाला गेली आणि हर्षदाताई एकट्या ऑकलंडच्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या. बॅग तीच, पण आता चेन लागताना कुरकुरत होती.

काउंटरवरच्या तरुणाने मान वर न करता विचारलं, "बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

"नाही," हर्षदाताई इंग्रजीत म्हणाल्या. "पुष्कळ जणींनी मिळून भरली."

त्याने चमकून वर पाहिलं. समोर मोरपंखी लुगडं नेसलेली, कपाळाला बुक्का लावलेली एक बाई. "म्हणजे, तुम्हाला कुणी काही दिलंय?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि त्याने सांगायच्या आतच त्यांनी बॅग काउंटरवर ठेवून चेन उघडली. "दिलंय. बघा ना. एकेक करून सगळं दाखवते."